चाळीस सेकंदांत वाळू

अठ्ठावीस तुकडे, तीस मीटर बाय तीस.
काहींत नुसता स्प्रूस,
काहींत स्प्रूस आणि बीच,
काहींत फर धरून तिघं,
आणि वरच्या अंगाला, जिथे जीप जात नाही,
मॅपलसकट चौघंही.

आमचं काम जमिनीचा पोत मोजणं.
झाडांचं श्रेय झाडांना द्यायचं
तर मातीचं आधी मातीला वळतं करावं लागतं,
असं डॉक्टर व्होइकुलेस्कू सांगतात
आणि जीपमध्ये डुलकी काढतात.

गिरमिट अक्सिंते फिरवतो.
वीस सेंटिमीटर खाली, मूठभर वर.
पाण्याची बाटली मी पुढे करते
ती तो पिऊन टाकतो, आणि मातीवर थुंकतो.
मळतो. अंगठ्याने रेटत तर्जनीवरून
पट्टी काढतो.
पट्टी लोंबते, आणखी लोंबते,
तुटते.
"चिकण पंचवीस."
मग चिमूटभर दातांखाली, करकर.
"वाळू चाळीस. उरलं ते तुझं, डोम्निका."
उरलं ते म्हणजे पोयटा.
ओला असला की साबण, वाळला की पीठ.
त्याला कोणी मोजत नाही,
शंभरातून दोघांना वजा केलं की तो हाती येतो.

वहीत "अंदाज, हाताने" असा रकाना आहे.
मी तो भरते.
तो पुढे कुठेही जात नाही.

सुचावाच्या प्रयोगशाळेत
पहिलं काम, जंगल काढून टाकणं.
पेरॉक्साइड ओतलं की
कुजकी पानं, केसाएवढी मुळं, बुरशीचे धागे,
कुणा किड्याची टाकलेली कात,
झाडांच्या बाजूने आलेलं सगळं
फसफसत वर येतं आणि जातं.
नुसत्या स्प्रूसचं बीकर तासाभरात गप्प झालं.
चौघांचं रात्री साडेअकराला
टेबलावर, माझ्या बाहीवर,
शेजारच्या नमुन्याच्या चिठ्ठीवर उतू जात होतं.
फडकं घेऊन पुसलं.
फेसाला रकाना नाही.

मग उंच नळकांडं, पाणी, मातीचे कण सुटे करणारी पूड.
साठ वेळा वर-खाली,
आणि ठेवलं की घड्याळ.
चाळीस सेकंदांत वाळू तळाशी.
दोन तासांत पोयटा.
चिकणमाती मात्र
निघते निघते म्हणत
उंबऱ्यात उभ्या राहिलेल्या पाहुणीसारखी
सकाळपर्यंत तिथेच.

सतराव्या तुकड्यात ती एक्केचाळीस निघाली.
डावीकडे चोवीस, उजवीकडे सव्वीस, मध्येच हे.
पुन्हा केलं. एक्केचाळीस.
डॉक्टर म्हणाले, हायड्रोमीटर बदल.
बदलला.
मग मी जुनी वही काढली.
हाताच्या रकान्यात, पेन्सिलीने: चाळीस.

अक्सिंतेला विचारलं तर म्हणाला,
दिसणारच. आईचे वडील कुंभार.
त्या उतारावर खड्डे होते त्यांचे.
चाकावर चढेल ती माती घरी,
खडा लागेल ती तिथेच उपसून टाकायची.
भट्टीचं तोंड लिंपून धूर आत कोंडायचा,
मडकी काळी निघायची, कोळशासारखी, पण वाजायची.
मग लोकांनी ॲल्युमिनियम घेतलं.
खड्डे बुजले. मॅपल आपणहून आले.
त्यांना कोणी लावलेलं नाही.

डॉक्टर बराच वेळ खिडकीपाशी.
मॅपल मातीमुळे, माती माणसामुळे,
आणि मग विविधता नक्की कोणामुळे,
असं काहीसं, स्वतःशीच.
शेवटी म्हणाले, वगळ.

वगळण्याचं कारण लिहायला
दोन शब्दांपुरती जागा असते.
मी लिहिलं, "मानवी हस्तक्षेप".
खाली, पेन्सिलीने,
त्यांचं नाव विचारायचं राहून गेलं होतं म्हणून,
"अक्सिंतेचे आजोबा".

दुसऱ्या दिवशी अठरावा तुकडा.
धुकं, गिरमिटाला गंज,
बाटली मी पुढे केलीच नाही.
तो मातीवर थुंकला,
अर्धा गोळा माझ्या तळहातावर ठेवला,
म्हणाला, सांग.